उंदराच्या पोटातली हकालपट्टी

मुलांनो, वर्षातून दोनदा शाळेत तुम्हांला एक गोळी चघळायला देतात, आठवतंय ना? अल्बेंडॅझोल असं तिचं लांबलचक नाव. २०१५ सालापासून आपल्या देशात ‘जंतनाशक दिन’ पाळला जातो आणि १ ते १९ वर्षं वयाच्या मुलामुलींना अंगणवाडीत नाहीतर शाळेत ही गोळी मिळते. कुणी ती मिटक्या मारत खातो, कुणी तोंड वेडंवाकडं करतो, तर एखादा हळूच खिशात सरकवायला बघतो. (बाईंचं लक्ष असतं बरं का!) गोळी पोटात गेली की जंतांना साखर शोषून घेता येईनाशी होते, त्यांची उपासमार होते आणि ते शौचावाटे बाहेर पडतात.

पण उंदराला कोण देतं गोळी?

उंदीर बिचारा उकिरड्यावर हिंडतो, गटारातून पळतो, मातीत पडलेला दाणा तसाच उचलून तोंडात टाकतो. हात धुणं नाही की नखं कापणं नाही! मग त्याच्या पोटात जंत जात नसतील का? जातात की. भरपूर जातात. आणि तरीही त्यांतल्या पुष्कळांना उंदीर कुठल्याही औषधाशिवाय बाहेर हाकलून देतो. हे तो कसं करतो, हे शोधून काढायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं लागली. त्यातला सगळ्यांत मजेदार धागा तर अगदी अलीकडे, २०१६ साली हाती लागला. आज तीच गोष्ट सांगायची आहे. आईबाबांनीही वाचावी, कारण ती फिरून फिरून आपल्याच पोटाशी येऊन ठेपते.

आता तुम्ही विचाराल, उंदीरच का? तर उंदीर लहान, पाळायला स्वस्त, आणि त्याचं शरीर आतून आपल्या शरीराशी बरंच मिळतंजुळतं. २००२ साली उंदराच्या जनुकांचा नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की आपल्या बहुतेक जनुकांना उंदरात जोडीदार आहेत. शिवाय प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या एका जातीचे सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे असतात. एकाला जंत झाले आणि दुसऱ्याला झाले नाहीत, तर “याचा स्वभावच निराळा” असं म्हणून हात झटकता येत नाहीत. काहीतरी कारण शोधावंच लागतं.

गिळायचं की ढकलायचं?

शरीरात घुसलेल्या जंतूंना आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. जंतू इवलासा, पेशी त्याच्याहून मोठी. गिळलं, पचवलं, संपलं काम. पण जंत म्हणजे जंतू नव्हे! (या दोन शब्दांत परीक्षेच्या पेपरात हमखास घोटाळा होतो.) जंतू डोळ्यांना दिसत नाही. जंत चांगला दिसतो.

आपण जरा गणित करू. एक पांढरी पेशी साधारण एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. उंदराच्या आतड्यातला एखादा छोटा जंत चार मिलिमीटर लांब धरला, तर तो पेशीच्या चारशेपट लांब झाला. तुमची उंची सव्वा मीटर धरली, तर तुमच्यापुढे अर्धा किलोमीटर लांबीचा साप आला म्हणायचा! सांगा बघू, तो गिळणार कसा?

म्हणजे गिळणं बाद. मग उरतं काय? ढकलून बाहेर काढणं. म्हणूनच शरीराकडे दोन निरनिराळ्या तऱ्हा असतात. लहान शत्रूसाठी एक, मोठ्या शत्रूसाठी दुसरी. ही गोष्ट १९८६ साली टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन या दोघांनी दाखवली, आणि तीही उंदराच्याच पेशींवर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत ते काम करत होते. शरीरात ‘मदतनीस’ पेशी असतात. त्या स्वतः फारशी मारामारी करत नाहीत, दुसऱ्यांना हुकूम सोडतात. या दोघांना आढळलं की मदतनिसांत दोन गट आहेत आणि त्यांचे निरोप वेगवेगळे आहेत. पहिला गट म्हणतो, “गिळणाऱ्या पेशींनो, पोटातली आग पेटवा, गिळलेल्याला आतल्या आत मारा!” दुसरा गट म्हणतो, “भिंती बुळबुळीत करा, पाणी सोडा, घाण बाहेर लोटा!” पेशींचे हे निरोप म्हणजे खरोखरीची रसायनं असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना ‘इंटरल्युकिन’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. आपल्या गोष्टीत २५ आणि १३ हे दोन क्रमांक पुन्हा पुन्हा येतील, तेवढे ध्यानात ठेवा.

आता चुकीची तऱ्हा वापरली तर काय होतं? याचं उत्तर एका फार छोट्या परजीवीनं दिलं. लीशमॅनिया त्याचं नाव. वालुमाशी चावली की तो अंगात शिरतो. बिहारमध्ये ज्या काळा आजारानं पूर्वी गावंच्या गावं हैराण केली, त्याचा परजीवी याच घराण्यातला. १९०३ साली विल्यम लीशमन आणि मद्रासला काम करणारे डॉक्टर चार्ल्स डोनोव्हान यांनी तो जगापुढे आणला, म्हणून दोघांचीही नावं त्याला चिकटली. या घराण्यातला दुसरा एक भाऊ कातडीवर फोड आणतो. तो शास्त्रज्ञांनी दोन जातींच्या उंदरांना टोचला. काळ्या उंदरांचा फोड काही आठवड्यांत बरा झाला. बाल्ब-सी नावाच्या पांढऱ्या जातीच्या उंदरांचा फोड मात्र वाढत गेला, रोग अंगभर पसरला आणि ते दगावले.

दोन्ही उंदीर तितकेच धडधाकट, दोघांनीही जोरात प्रतिकार केला. फरक एवढाच, की काळ्यांनी पहिली तऱ्हा वापरली. लीशमॅनिया हा गिळणाऱ्या पेशींच्याच पोटात दडून बसतो, तेव्हा तिथंच आग पेटवणं योग्य होतं. पांढऱ्यांनी दुसरी तऱ्हा वापरली. चोर घरात कोठीच्या खोलीत लपलेला आणि घरचे अंगण झाडतायत, असला प्रकार! पुढं शास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरांमधला दुसऱ्या गटाचा एक निरोप औषधानं अडवला, तेव्हा तेच उंदीर बरे होऊ लागले. आणि गंमत अशी, की हेच पांढरे उंदीर आतड्यातल्या चाबूककृमीला मात्र पटकन हुसकावून लावतात. अंगण झाडायची सवय तिथं कामाला येते.

कातडीतून आतड्यापर्यंत

आता खऱ्या जंताकडे वळू. याचं नाव आहे निपोस्ट्राँगायलस. मूळचा हा घुशीएवढ्या मोठ्या उंदरांचा पाहुणा, पण प्रयोगशाळेत त्याला छोट्या उंदरातही राहायला शिकवलंय. त्याची अळी ओल्या मातीत वाट बघत असते. प्राण्याचं कातडं लागलं की ती त्यातून आत घुसते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून सरपटत घशापर्यंत वर येते, प्राणी तिला नकळत गिळतो, आणि मग ती लहान आतड्यात पोचते. अंगठ्याएवढ्या प्राण्यात केवढा हा प्रवास! आपल्याला होणारा अंकुशकृमी अगदी याच वाटेनं येतो. शेतात अनवाणी काम करणाऱ्या माणसाच्या तळपायातून तो शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो.

प्रयोगात उंदराच्या कातडीखाली साधारण पाचशे अळ्या सोडतात. एकदोन दिवसांत त्या फुप्फुसात असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात. सहाव्या-सातव्या दिवशी त्या मोठ्या होऊन अंडीही घालायला लागलेल्या असतात. आणि दहाव्या दिवसाच्या आसपास आतडं उघडून बघावं तर जवळजवळ रिकामं! सगळे जंत गेले कुठं? बाहेर.

त्याच उंदरात काही आठवड्यांनी पुन्हा अळ्या सोडल्या, तर बहुतेक अळ्या आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. कातडीत आणि फुप्फुसातच पेशी त्यांना घेरतात. एकदा चोरी झालेल्या घरात दुसऱ्यांदा दाराशीच कुत्रं भुंकतं, तसंच.

या घेरावात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही असतात. इओसिन नावाचा लाल रंग त्या पटकन घेतात, म्हणून हे नाव. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ साली त्यांना ओळखलं. आईबाबांनी हा शब्द रक्ततपासणीच्या कागदावर वाचला असेल. तो आकडा वाढलेला दिसला, की डॉक्टर दोन गोष्टी हमखास विचारतात: अंगाला खाज-सर्दीची ॲलर्जी आहे का, आणि मुलाला जंताचं औषध कधी दिलं होतं? दोन्ही प्रश्न एकत्र का, ते आता कळेल. ॲलर्जी म्हणजे तीच अंगण झाडायची तऱ्हा, पण चोर नसताना. धुळीच्या कणाला जंत समजून नाक पाणी सोडायला लागतं!

मुलं इथं एक प्रश्न विचारतात आणि तो विचारायलाच हवा. उंदरांना त्रास होत नाही का? होतो. म्हणून वाटेल त्यानं वाटेल तसे प्रयोग करायचे नाहीत, असे नियम आहेत. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० साली कायदा झाला आणि प्रयोगशाळांना परवानगी घ्यावी लागते. मला स्वतःला पांढऱ्या उंदरांचे फोटो बघताना अजूनही थोडं कसंसंच होतं. पण त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट कळलीच नसती, हेही खरं.

आतड्याला जीभ असते!

दहा दिवसांत जंत बाहेर जातात हे माहीत होतं. इंटरल्युकिन-१३ हा निरोप मिळाला नाही तर ते वेळेवर जात नाहीत, हेही माहीत होतं. ज्या उंदरांमध्ये हा निरोप तयार करणारं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्या आतड्यात जंत मजेत राहिले. मग २०१० साली जपान, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा निरोप झपाट्यानं पाठवणाऱ्या एका नव्या पेशीची ओळख पटवली. तिला आयएलसी-२ म्हणतात. मदतनीस पेशींना तयारीला काही दिवस लागतात. ही पेशी मात्र आतड्याच्या भिंतीतच ठाण मांडून बसलेली असते.

पण तिला तरी कोण सांगतं, की जंत आलाय? ती भिंतीच्या आत, जंत भिंतीच्या बाहेर, मधल्या पोकळीत. तिला तो दिसत नाही. कोणीतरी दवंडी पिटल्याशिवाय तिला कळणार कसं?

आतड्याच्या अस्तरात एक विचित्र पेशी असते. सूक्ष्मदर्शकात तिच्या डोक्यावर ताठ केसांचा झुपका दिसतो. इंग्रजीत झुपक्याला टफ्ट म्हणतात, म्हणून ती टफ्ट पेशी. शास्त्रज्ञांना ती १९५० च्या दशकापासून ठाऊक होती, पण ती करते काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शंभर पेशी मोजाव्यात तर त्यांत एखादीसुद्धा सापडेलच असं नाही, इतकी ती विरळ. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा असतो ना, तशी. तिच्याविषयी एक गोष्ट मात्र लोकांना कोड्यात टाकत होती. जिभेवर कडू-गोड ओळखणाऱ्या पेशींत जे रेणू असतात, त्यांतले काही या टफ्ट पेशीतही होते. आता आतड्यात चव घेऊन करायचंय काय? तिथं कुठं पुरणपोळी आणि कारलं वेगवेगळं कळायचंय?

अमेरिकेत बोस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठात वेंडी गॅरेट यांच्या प्रयोगशाळेत मायकेल हॉविट काम करत होते. त्यांना दिसलं, की बाहेरून विकत आणलेल्या उंदरांच्या आतड्यात टफ्ट पेशी थोड्या, आणि त्यांच्याकडेच वाढवलेल्या उंदरांत पुष्कळ जास्त. असं का? दुसरा एखादा “असेल काहीतरी” म्हणून पुढं गेला असता. यांनी कारण शोधलं. घरच्या उंदरांच्या आतड्यात एक सूक्ष्म परजीवी राहत होता, आणि त्याच्यामुळे टफ्ट पेशी वाढत होत्या! मग जंत सोडून पाहिले. तेव्हाही तेच. त्याच वर्षी, २०१६ साली, फ्रान्समधल्या माँपेलिये आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या गटांनाही आपापल्या वाटेनं हेच उत्तर मिळालं.

उत्तर असं: टफ्ट पेशी आतड्यातल्या मजकुराची चव घेते. परजीवीची चाहूल लागली की इंटरल्युकिन-२५ सोडते. ही झाली दवंडी. दवंडी ऐकून आयएलसी-२ पेशी इंटरल्युकिन-१३ सोडते. आता हा निरोप जातो कुठं? आतड्याच्या अस्तरात खालच्या खळग्यांमध्ये मूळपेशी असतात. त्या रात्रंदिवस नव्या पेशी बनवत असतात. तेरा क्रमांकाचा निरोप आला की त्या बेत बदलतात आणि जास्तीत जास्त टफ्ट पेशी बनवायला लागतात. म्हणजे दवंडी पिटणारेच वाढले! ते आणखी पंचवीस क्रमांक सोडतात, त्यामुळे आणखी तेरा क्रमांक, त्यामुळे आणखी दवंडीवाले... काही दिवसांत टफ्ट पेशी दसपटीच्या घरात जातात. ज्या उंदरांमध्ये टफ्ट पेशी मुळातच तयार होत नाहीत, त्यांच्या आतड्यात मात्र आठवडे उलटले तरी जंत ठिय्या देऊन बसलेले आढळले.

मला या शोधात सगळ्यांत काय आवडलं सांगू? एवढी मोठी लढाई, पण तिची पहिली हाक एका चव घेणाऱ्या पेशीची. तलवारवाल्याची नव्हे.

रडा आणि झाडा

दवंडी झाली. आता प्रत्यक्ष झाडू.

मूळपेशी आणखी एका प्रकारच्या पेशी वाढवतात, त्या म्हणजे चषक पेशी. पेल्याच्या आकाराच्या या पेशींत बुळबुळीत स्राव भरलेला असतो, नाकातल्या शेंबडासारखा. (ईऽऽ करू नका! हा नसता तर पोटातलं अन्न आतड्याला खरवडत गेलं असतं.) एरवी तो पातळसर थर देत असतो. जंत आले की चषक पेशी फुगतात, संख्येनं वाढतात आणि स्राव भराभरा ओततात. जंताला आतड्याच्या भिंतीला धरून राहायचं असतं. भिंतच निसरडी झाली तर पकडणार काय? श्रावणात शेवाळ धरलेल्या घाटाच्या पायऱ्या आठवा.

स्रावाची जातही बदलते. २०११ साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की एरवी श्वासनलिकेत आणि जठरात असणारा एक स्राव जंत हाकलायच्या वेळी आतड्यातही तयार होतो, आणि तो जंताला थेट बाधतो. त्याच्या संपर्कात आलेला जंत मलूल पडतो.

त्याच वेळी आतड्यात पाणी जास्त सुटतं आणि आतड्याचे स्नायू जोरानं आकुंचन पावतात. वरून पाणी, खालून ढकलणी. शास्त्रज्ञांनी याला गमतीनं ‘रडा आणि झाडा’ असं नावच दिलंय. जंत मेलेला असतोच असं नाही. पुष्कळदा तो जिवंतच बाहेर फेकला जातो. त्याला मारायचं नसतंच मुळी. घर खाली करून घ्यायचं असतं!

सरकता जिना

काही जंत मात्र असे चिवट, की निसरड्या भिंतीलाही दाद देत नाहीत. चाबूककृमी त्यांतलाच. पुढचं अर्धंअधिक अंग सुतासारखं बारीक, मागचं जाड, हुबेहूब चाबूक. बारीक टोक तो आतड्याच्या अस्तरात पेशींच्या आत बोगदा करून खुपसून ठेवतो. माणसाला होणारा चाबूककृमी वेगळा आणि उंदराचा वेगळा, पण सख्खे चुलतभाऊ म्हणावेत इतके सारखे. याची अंडी मातीतून हाताला, हातावरून तोंडात, अशी जातात. शेवटी आंधळ्या आतड्यात ती फुटतात. तीसुद्धा आपोआप नाही. तिथले जीवाणू अंड्याला चिकटले तरच उंदरातलं अंडं नीट फुटतं, असं २०१० साली मँचेस्टरलाच आढळलं.

याला उपटायचं कसं? आतड्याचं अस्तर स्थिर नसतं. खळग्यात नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि काही दिवसांनी टोकाला पोचून गळून पडते. रेल्वे स्टेशनवरचा सरकता जिनाच म्हणा. इंटरल्युकिन-१३ आलं की हा जिना वेगानं धावू लागतो. जंतानं ज्या पेशींत तोंड खुपसलंय त्या पेशीच वर वर जातात आणि गळून पडतात, त्यांच्याबरोबर जंतही. चिवट भाडेकरू हलत नाही म्हटल्यावर खोलीच उचलून नेली! हे २००५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड ग्रेन्सिस यांच्या गटानं दाखवलं.

आणि आता तो प्रश्न, जो दर वेळी गोळी वाटताना कुणीतरी विचारतंच. “बाई, मागच्या वेळी घेतली होती ना? मग परत का?” गोवराची लस एकदा-दोनदा घेतली की झालं, मग जंताचंच असं का?

याचं उत्तरही मँचेस्टरच्या उंदरांकडे आहे. १९९४ साली तिथं एक प्रयोग झाला. एका जातीच्या काही उंदरांना चाबूककृमीची भरपूर अंडी एकदम खाऊ घातली. दुसऱ्या काहींना अगदी थोडी. तुम्हांला काय वाटतं, कोण वाचलं असेल? थोडी अंडी खाल्लेले? चूक! भरपूर अंडी खाल्लेल्या उंदरांनी जंत हाकलून दिले. थोडी खाल्लेल्यांच्या पोटात जंत वाढले, मोठे झाले आणि कायमचे राहिले. मोठी टोळी आली की शरीर खडबडून जागं होतं आणि झाडायची तऱ्हा वापरतं. दोन-चार जण गुपचूप शिरले, तर शरीर दुसऱ्याच तऱ्हेकडे झुकतं, जी जंतांपुढे कुचकामाची.

आता विचार करा. तुमच्या-आमच्या पोटात अंडी कशी जातात? वाटीभर एकदम? नाही. आज खेळताना एक, चार दिवसांनी न धुतलेल्या गाजरावरून दोन. अशी ठिबकत ठिबकत. २०१९ साली त्याच विद्यापीठात उंदरांना दर आठवड्याला थोडी थोडी अंडी देऊन पाहिलं. जंत साठत गेले, आणि कित्येक आठवड्यांनंतर कुठं शरीरानं त्यांना हाकलायला सुरुवात केली. माणसाच्या मुलांच्या बाबतीत तेवढी वाट बघणं परवडत नाही. तोवर रक्त कमी होतं, वजन वाढत नाही, वर्गात डोळे मिटायला लागतात. मातीतून होणाऱ्या या जंतांची बाधा जगात सुमारे दीडशे कोटी माणसांना आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांवर अजून लस नाही. गोळी आजचे जंत काढते, पण उद्या येणाऱ्यांना ओळखायला शरीराला शिकवत नाही. म्हणून परत.

जंतही काही कमी बिलंदर नाहीत. रानातल्या उंदरांच्या आतड्यात हेलिग्मोसोमॉइडिस नावाचा एक जंत महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. २०१७ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचं गुपित फोडलं. आपल्या शरीरात भांडणं शांत करणारा एक निरोप असतो, आग विझली की तो म्हणतो, “पुरे आता, घरी जा.” हा जंत त्या निरोपाची नक्कल स्वतः तयार करून आतड्यात सोडतो! सही खोटी, पण हुकूम चालतो. आणखी एका रसायनानं तो जखमी पेशींची धोक्याची हाक मधल्या मध्ये पकडून ठेवतो. ही खोटी सही आता शास्त्रज्ञ बारकाईनं तपासताहेत, कारण ज्या माणसांचं शरीर विनाकारण स्वतःशीच भांडत असतं, त्यांना शांत करायला ती उपयोगी पडेल का, हे त्यांना बघायचंय.

एक प्रयोग सांगायचा राहिला. आतापर्यंतचे सगळे उंदीर राहत होते पिंजऱ्यात. स्वच्छ भुसा, उकळलेलं पाणी, ठरलेलं खाणं. असल्या राजेशाही थाटात कुठला उंदीर राहतो? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात अँड्रिया ग्रॅहम यांच्या गटानं म्हणूनच प्रयोगशाळेतले काळे उंदीर मोकळ्या हवेतल्या कुंपणात सोडले. माती, गवत, पाऊस, किडे, सगळं होतं. मांजर आणि घुबड तेवढं आत येणार नाही, अशी व्यवस्था. हे तेच काळे उंदीर, जे पिंजऱ्यात असताना चाबूककृमीची भरपूर अंडी खाऊनही त्यांना हाकलून देतात. २०१८ साली त्यांचा निकाल प्रसिद्ध झाला. बाहेर राहिलेल्या उंदरांच्या पोटात जंत टिकले, संख्येनं जास्त आणि अंगानंही भरलेले. झाडायच्या तऱ्हेचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांत जेवढे जंत राहतात, जवळपास तेवढे!

जनुकं तीच, अंडी तीच, उंदीर तेच. बदललं होतं ते अंगण. बाहेरच्या मातीतून आतड्यात नाना तऱ्हेचे जीवाणू आले होते, आणि त्यांच्याशी निपटताना शरीर पहिल्या तऱ्हेकडे, त्या आग पेटवण्याच्या तऱ्हेकडे, झुकलं होतं. झाडूवाले मागं पडले. आणि त्यासाठी काही पिढ्या जाव्या लागल्या नाहीत. अवघे काही आठवडे पुरले.